भांडायला देव लागतो का?

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत या दोघांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं एकाच शेडमध्ये काढली. एकाच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून कंपनीत सगळे त्यांना महाराज म्हणायचे. दुसरे मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. पाळी सुटली की वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायचे, म्हणून ते मास्तर. महाराज पैठण तालुक्यातले, नाथषष्ठी न चुकवणारे. मास्तरांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. निवृत्तीनंतरही संध्याकाळचा चहा महाराजांच्या ओट्यावर होतो.

महाराजांच्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला चार वर्षं होतील. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनवर. शासनाच्या योजनेत बसतं, म्हणून पैशाचं ओझं त्या मानाने कमी. पण जिने उभ्या आयुष्यात एकादशी मोडली नाही, त्या बाईच्या वाट्याला हे का आलं आणि आलं ते आलं, हटत का नाही, हा प्रश्न त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर असतो. मी ओट्याच्या कडेला बसून ऐकलेलं हे बोलणं. भाषा थोडी नीट केली आहे, मुद्दे त्यांचेच आहेत.

मास्तर : परवा तुमचे व्याही आले होते, तेव्हा मी जीभ आवरून बसलो. वहिनींना म्हणाले, देव आपल्याच माणसाची परीक्षा घेतो. महाराज, मी पोरांच्या परीक्षा घेतल्यात. पेपर तीन तासांचा असतो. चार वर्षांचा पेपर कोण काढतं? आणि ज्याला आधीच सगळं ठाऊक, त्याला परीक्षा कशाला घ्यावी लागते?

महाराज : मलाही नाही पटलं. पण आजाऱ्याजवळ बसलं की माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतं. आमच्या आत्याबाईंनी तर सरळ मागच्या जन्माचंच काढलं.

मास्तर : तुम्ही काय म्हणालात?

महाराज : म्हणलं, आत्या, मागच्या जन्मी हिनं काय केलं ते तुम्ही पाहिलं का? नाही ना? मग चहा घ्या.

मास्तर : बाबासाहेबांनी यावर नेमकं बोट ठेवलंय. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये आला, ते गेल्यानंतर. त्यात त्यांचं म्हणणं असं की, गरिबाची आजची अवस्था त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्मामुळे, असं एकदा ठरवलं की समाज आणि राज्य दोघंही जबाबदारीतून मोकळे होतात. माणूस बुडतोय आणि काठावरचे म्हणतात, त्याचं त्यानं आणलं.

महाराज : आणि आजारी माणसाला दुखणं असतंच, वर तो गुन्हेगारही ठरतो. हे मी तुमच्याआधी म्हणलं असतं.

इतक्या लवकर दोघांचं एकमत झालेलं मी क्वचितच पाहिलंय. मला वाटतं, या विषयावर तोंड उघडणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढी अट पाळावी. परीक्षा आणि पूर्वकर्म ही दोन्ही स्पष्टीकरणं उभ्या माणसाने आडव्या पडलेल्या माणसाला दिलेली असतात. त्यातून देवाची सुटका होते, रुग्णाची होत नाही.

मास्तर : मग आता अवघड विचारतो. २६ एप्रिल १९९३. आठवतंय?

महाराज : आठवणार नाही कसं? दुपारची वेळ. इथूनच उडालं होतं.

मास्तर : मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावीकडचं चाक आणि इंजिन ट्रकला लागलं, पुढं ते विजेच्या तारांना लागलं आणि खाली आलं. आत ११८ माणसं. ५५ गेली, ६३ वाचली. वाचलेला माणूस म्हणतो, देवाची कृपा. म्हणू द्या, त्याच्या जिवावरचं टळलंय. पण वाक्य पुरं करा ना. मग त्या ५५ जणांवर कृपा का नाही? त्यांच्यात कुणी माळकरी नव्हता? कुणी नमाजी नव्हता? सकाळी देवापुढं दिवा लावून कुणी निघालं नव्हतं?

महाराज : असणारच.

मास्तर : चौकशीत काय निघालं? वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचललं तेही चुकीच्या रीतीनं. दुसरं, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवायची व्यवस्था नव्हती. मला सांगा, यात देव कुठं बसवायचा? ट्रक अर्ध्या मिनिटानं मागं असता तरी पुरे होतं. सर्वशक्तिमानाला अर्धं मिनिट जड आहे का? त्याला जड नसेल आणि तरी त्यानं ते केलं नसेल, तर त्याला प्रेमळ कसं म्हणायचं? त्यापेक्षा रस्त्यावर फाटक लावणं सोपं.

महाराज : लावा ना फाटक. माळ घातली म्हणून मी फाटकाच्या विरोधात आहे का? पण तुम्ही जे सांगितलंत, ते कसं घडलं याचं उत्तर झालं. ज्या बाईचा नवरा त्या ५५ मध्ये होता, तिला हा अहवाल वाचून दाखवा. ती पान उलटून विचारणार, माझाच का?

मास्तर : त्याला उत्तर नाही. तेच तर म्हणतोय मी, उत्तर नाही.

महाराज : मीही तेच म्हणतो. फरक एवढाच, की उत्तर नाही हे मी कुणाच्या तरी तोंडावर सांगतो.

मास्तर : आणि तोंडावर सांगून काय झालं? चोखोबांनी किती सांगितलं? मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव म्हणतात. आपल्या या जालना रस्त्यानंच पुढं जायचं, देऊळगाव राजाकडं. त्यांच्याइतकी भक्ती कुणाची? बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळं घर अभंग रचणारं. आणि त्या माणसाला देवळाची पायरी चढायची बंदी. शेवट कसा झाला? १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. भिंत कोसळली आणि त्याखाली गेले. कामावर असताना गेले, महाराज. आपल्या शेडमध्ये असं झालं असतं, तर आपण काम बंद केलं असतं.

महाराज : नामदेव महाराजांनी अस्थी शोधून आणल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची असं ओळखलं.

मास्तर : गोष्ट सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण समाधी कुठं बांधली? महाद्वाराशी, बाहेर. मेल्यावरही बाहेर. दार उघडलं कधी? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस. त्यानंतर उघडलं. १३३८ ते १९४७, वजाबाकी करा. सहाशे नऊ वर्षं देव आत उभा आणि त्याचा जिवलग बाहेर पडलेला. एका माणसाला दहा दिवसांत जमलं, ते देवाला सहाशे वर्षांत जमलं नाही?

महाराज यावर बराच वेळ बोलले नाहीत. मला हा मास्तरांचा सगळ्यात जड मुद्दा वाटतो. विमानाच्या बाबतीत योगायोग म्हणून सुटता येतं, पायरीच्या बाबतीत सुटता येत नाही. कारण इथे दुःख कुठून आलं हे माहीत होतं, कुणी लादलं हे माहीत होतं आणि ज्याच्या नावाने ते लादलं, तो स्वतः तिथे हजर होता, निदान भक्तांच्या मते तरी.

महाराज : माझ्याकडं याचं उत्तर नाही. दोन गोष्टी सांगतो, त्या उत्तर म्हणून घेऊ नका. एक, कर्ममेळ्यानं देवाला जे सुनावलं, ते आपल्या मास्तरांनी सुनावलं त्यापेक्षा कडू आहे. आणि ते अभंग राहिले. संप्रदायानं दार उघडलं नाही, पण तक्रारही पुसली नाही.

मास्तर : ते पुरेसं नाही.

महाराज : नाहीच. दुसरं सांगतो. साने गुरुजी कोण होते? नास्तिक होते का? जीव पणाला लावला तो कुणाच्या नावानं?

मास्तर : आणि दार ज्यांनी लावून धरलं होतं ते कुणाच्या नावानं? तेही विठ्ठलाचेच. दोन्हीकडं तोच असेल, तर त्याच्यामुळं काही ठरत नाही. ठरतं माणसामुळं. म्हणून बाबासाहेबांनी काय केलं? १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं, ते अर्पण केलं नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला. चोखोबांना मान दिला. पण त्यांच्यासारखं पायरीशी थांबायचं नाही, हेही ठरवलं. आम्हाला चोखोबा हवेत, त्यांचं थांबणं नको.

महाराज : थांबणं कुणालाच नको होतं. चोखोबांनाही.

या दोघांच्या पाळीत एक ख्रिस्ती फिटर होता. जालन्याकडचा, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. तो जेवणाच्या सुट्टीत ईयोबाची गोष्ट सांगायचा, ती दोघांनाही आठवते. ईयोब नीतिमान माणूस. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगावर गळवं उठली. मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून राहिले. तेवढंच त्यांनी बरं केलं. आठव्या दिवशी त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र देवाशी शब्दाला शब्द देत राहिला. शेवटी देव बोलतो, पण का याचं उत्तर देत नाही. उलट मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे देवाची वकिली करणारे हरले आणि त्याच्यावर फिर्याद करणारा जिंकला. मास्तरांना ही गोष्ट आवडते, पण त्यांचा आक्षेप कायम आहे. शेवटी ईयोबाला पुन्हा मुलं झाली म्हणतात. आधीची मुलं परत आली का?

महाराज : आता मी विचारतो. ८ मे २०२०. करमाड.

मास्तर : सोळा मजूर.

महाराज : जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यातली पोरं. शहडोल, उमरियाकडची. नेहमीच्या गाड्या बंद, म्हणून रुळावरून चालत निघाली, गावाकडची गाडी मिळेल या आशेनं. थकली, रुळावरच झोपली आणि पहाटे मालगाडी आली. रुळांमध्ये भाकऱ्या पडलेल्या सगळ्या देशानं पाहिल्या. माझ्या देवाचं तुम्ही इतका वेळ ऑडिट केलंत. आता तुमचं सांगा. तुमच्याकडं त्या सोळांसाठी काय आहे?

मास्तर : राग आहे.

महाराज : कुणावर?

मास्तर : ज्यांनी चार तासांची मुदत देऊन देश बंद केला त्यांच्यावर. ज्यांनी मजुराच्या पोटाचा हिशेब केला नाही त्यांच्यावर. एवढ्या रस्त्यात त्यांना पाणी नि गाडी देण्याची जबाबदारी कुणाची होती ते मला सांगता येतं, नावनिशीवार नाही तरी खुर्चीनिशी.

महाराज : बरं. सगळ्या खुर्च्या मोजल्या. सगळ्यांना शिक्षाही झाली समजा. राग निवतो का?

मास्तर : नाही.

महाराज : मग तो उरलेला राग घेऊन तुम्ही जाता कुठं?

मास्तर : संघटनेत जातो. पोरं शिकवतो. बाकी जो उरतो, तो उरतो. महाराज, मला तो उरू द्यायचाय. देवाच्या नावावर जमा करून खातं बंद करायचं नाही. तुमच्या लोकांचं तेच होतं. कीर्तनात टाळ वाजला, डोळ्यांतून पाणी आलं, हलकं वाटलं आणि सकाळी ठेकेदारापुढं पुन्हा मान खाली.

महाराज : असं होतं, खोटं बोलणार नाही. पण नेहमीच नाही होत. तुकोबांचं बघा. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ. दुकान बुडालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. दुष्काळ का पडला, याचा खुलासा त्यांना कुणी दिला नाही. पण त्यांनी काय केलं? लोकांकडून येणं होतं, त्या कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. भावाचा वाटा भावाला दिला. देवापुढं रडणाऱ्यानं सावकारी सोडली. हलकं वाटून झोपी नाही गेला.

मास्तर : कर्जखतं बुडवली त्याला माझा नमस्कार. पण त्यासाठी देव लागतोच असं नाही.

महाराज : तुम्हाला नसेल लागत. त्यांना लागला.

मास्तर : हे मात्र उत्तर झालं.

बोलता बोलता महाराज पैठणच्या रांजणावर आले. ते येणारच होते. संत एकनाथांच्या वाड्यातला तो रांजण आजही दाखवतात. कथा अशी की, देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन नाथांच्या घरी राहिला आणि बारा वर्षं गोदावरीचं पाणी वाहून रांजण भरत राहिला. नाथांना पत्ता नाही.

महाराज : मी सुटका मागणं कधीच सोडलंय. त्यानं बारा वर्षं कावड वाहिली, पण गोदावरी उचलून नाथांच्या अंगणात आणून ठेवली नाही. जनाबाईचं दळण थांबवलं नाही, जात्याच्या खुंट्याला हात लावला. आमचा देव असाच आहे. काम संपवत नाही, कामाला बसतो. डायलिसिसच्या चार तासांत मी बाहेर बाकावर बसतो, तेव्हा तो शेजारी बसलाय असं मला वाटतं. आता हे सिद्ध करून दाखवा म्हणाल तर जमणार नाही.

मास्तर : मी सिद्ध करा म्हणतच नाही. मी म्हणतो, जातं थांबवायची ताकद असताना नुसता हात लावणारा देव मला पटत नाही. जनाबाईच्या लेकींचं दळण थांबलं ते पिठाच्या गिरणीमुळं. मशीन कुणी केलं? ज्या मशीनमुळं वहिनी आज आहेत, ते कुठल्या देवळातून आलं? आणि पाण्याचं म्हणाल तर पैठणला नाथसागर होऊन पन्नास वर्षं होत आली, तरी आपल्या नळाला कितीतरी दिवसांआड पाणी. श्रीखंड्या बरा म्हणायचा, रोज तरी भरत होता.

दोघंही मनापासून हसले. या ओट्यावर वाद तुटत नाही, तो याचमुळे असावा. पण मास्तरांचा मुद्दा हसण्यावारी जाण्यासारखा नाही. सोबत करणारा पण सोडवू न शकणारा देव समजू शकतो. सोडवू शकणारा पण नुसती सोबत करणारा देव समजायला फार कठीण. महाराज यातला कोणता मानतात, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही, दिवस बघून. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर नापास आहे. पण चार वर्षं आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या माणसाचं मत दिवस बघून बदलतं, यात मला खोटेपणा दिसला नाही. उलट रोज एकच ठाम मत सांगणाऱ्या प्रवचनकारांची मला जास्त धास्ती वाटते.

आता वहिनी. या सगळ्या चर्चेत ज्यांच्या दुःखावर आम्ही बोलत होतो, त्या आत खाटेवर पडून ऐकत होत्या. त्यांना दिवसाला पाणी मोजून, चहा-डाळीसकट अर्धा-पाऊण लिटर. त्याहून जास्त झालं की अंगावर सूज येते, धाप लागते. एकादशी बंद झाली, कारण रताळं, बटाटा, शेंगदाणे सगळंच वर्ज्य. केळं नाही, शहाळं नाही. उपवासाच्या दिवशी त्या आता भात खातात. कुणी हळहळलं की त्यांना राग येतो.

त्या उठून दारात आल्या.

वहिनी : तुमच्या गप्पा झाल्या असतील तर एक सांगते. माझ्या धाकट्या बहिणीनं माझ्यासाठी देव पाण्यात ठेवलेत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे घंगाळात बुडवून बसवलेत. बरी होईस्तोवर काढायचे नाहीत म्हणते. फोनवर म्हणलं तिला, बाई, मला घोट मोजून आणि त्याला रात्रंदिवस पाण्यात? आधी बाहेर काढ त्याला. माझ्यानं ऐकवत नाही.

मास्तर : वहिनी, तुम्हीच सांगा. हे इतकं सगळं करून तुमच्याच वाट्याला का?

वहिनी : तुम्ही विचारता, हे विचारतात, व्याही विचारतात. मी एकटीच आहे जी आता विचारत नाही.

महाराज : का नाही विचारत?

वहिनी : पहिलं वर्ष विचारायचे. रोज. मग कळलं, की मी विचारते ते बरी व्हायला. बरी झाले असते तर एकदाही विचारलं नसतं. शेजारच्या मशीनवर बावीस वर्षांची पोरगी असते. तिचं का, हे मी कधी विचारलं? माझं का, एवढंच. मग मला माझीच लाज वाटली नि मी बंद केलं.

मास्तर : म्हणजे देवाला माफ केलं?

वहिनी : माफ कुठं केलं? बोलत नाही मी त्याच्याशी. दिवा लावते, हरिपाठ म्हणते, बोलत नाही.

महाराजांना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. चार वर्षं ते ज्याच्याशी भांडून भांडून टिकून राहिले, त्याच्याशी त्यांच्या घरातली बाई अबोला धरून होती, आणि हरिपाठ एक दिवसही चुकला नव्हता. मास्तरांनाही ते कुठल्या बाजूला धरावं कळेना. श्रद्धा म्हणावी तर ती बोलत नाही. अश्रद्धा म्हणावी तर दिवा लागतो.

महाराज : मग त्यानं काय करावं म्हणतेस?

वहिनी : ते माझं नि त्याचं आहे. तुम्ही दोघांनी माझ्या वतीनं भांडू नका. भांडायचंच असेल तर दवाखान्यात जाऊन भांडा. येत्या महिन्यापासून माझा नंबर पहाटे सहाचा लावलाय. इथून तेवढ्या पहाटे रिक्षा मिळत नाही.

मास्तर : दुपारचा का नाही दिला?

वहिनी : मशीन कमी, माणसं जास्त. नंबर बदलून मागितला तर दुपारी ती बावीस वर्षांची पोरगी असते. तिचं कॉलेज आहे सकाळी. तिचा नंबर काढून मला नको.

मास्तर : मग एक मशीन वाढवून मागायला पाहिजे. अर्ज करू. सगळ्या पेशंटच्या सह्या घेऊ.

महाराज : सह्या घ्या. पण मशीन येईस्तोवर पहाटेचं काय?

मास्तर : माझी मोटारसायकल आहे ना.

वहिनी : चार तास मशीनवर बसून आलेल्या बाईला मोटारसायकलवर बसवणार? मास्तर, तुम्ही गणितच शिकवा.